छोट्या नदीकाठची सहकुटुंब सायकल सहल: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

छोट्या नदीच्या काठाने घरातल्या सगळ्यांनी मिळून सायकली चालवत जावं, असं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरं आहेत. त्यांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा येईल, कारण बाकी सगळं तिच्यावर अवलंबून आहे. मार्ग सोपा आहे की नाही हे घोळक्यातल्या सगळ्यात लहान चाकावरून ठरतं, आणि तेही जाताना नाही, परत येताना.

नदीकाठचाच मार्ग का निवडायचा? आणि छोटीच नदी का?

पाणी नेहमी उताराची वाट धरतं आणि हजारो वर्षांत ती वाट घासून घासून सौम्य करतं. सपाटीवरची छोटी नदी एका किलोमीटरमागे साधारण १ ते ३ मीटरच खाली उतरते. हा उतार डोळ्यांना दिसतही नाही. माणसांनीही या सोयीचा फायदा पूर्वीपासून घेतला. घोड्यांनी काठावरून चालत दोर लावून नावा ओढायच्या, त्यासाठी केलेल्या वाटा आज कित्येक देशांत सायकलींसाठी वापरल्या जातात. बंद पडलेल्या रेल्वेमार्गांचंही तेच. पोलादी रुळावर पोलादी चाकाची पकड कमी असते, म्हणून रेल्वे आखणारे तीव्र चढ टाळायचे आणि शक्य तिथे नदीखोऱ्यातूनच जायचे. त्यामुळे जुना रेल्वेमार्ग किंवा नावा ओढण्याची वाट यांवरून आखलेला सायकल मार्ग दिसला, तर मुलांसाठी तो सहसा चांगलाच निघतो.

छोटी नदी मला मोठीपेक्षा कितीतरी जास्त आवडते. पलीकडचा काठ दिसतो, झाडांची सावली वाटेपर्यंत पोचते, पूल जवळजवळ असतात आणि रुंद पात्रावरून येणारा मोकळा वारा इथे कमी लागतो. मुलांना तर पाणी जवळून दिसतं. मोठ्या नदीच्या काठावर मूल तासभर चाललं तरी समोरचं दृश्य फारसं बदलत नाही. छोट्या नदीवर दर वळणाला काहीतरी नवीन समोर येतं.

नदी सपाट म्हणजे रस्ताही सपाट असतो का?

नाही, आणि बहुतेक सहली इथेच बिघडतात. नकाशावर वाट नदीला चिकटून दिसते म्हणून माणूस निर्धास्त होतो. प्रत्यक्षात वाट नदीला सोडून वर चढते ती तीन ठिकाणी. पहिलं ठिकाण म्हणजे जिथे नदी दोन टेकड्यांमधून अरुंद होऊन जाते. काठावर जागाच नसते, मग वाट टेकडीच्या सोंडेवरून वळसा घेते. दुसरं, जिथे ओढा येऊन मिळतो. तिथे वाट एकदम खाली उतरते आणि तितकीच वर येते. तिसरं ठिकाण पुलाचं. पूल पुराच्या पातळीच्या वर बांधलेला असतो, त्यामुळे त्याच्या दोन्ही टोकांना आखूड पण चांगलाच उभा चढ असतो.

समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा मिळाला तर पाच मिनिटं त्यावर घालवा. नदी ज्या रेषा ओलांडते त्यांची टोकं उगमाकडे वळलेली असतात, त्यावरून प्रवाहाची दिशा कळते. मग वाट आणि नदी यांच्यामध्ये किती रेषा येतात ते पाहा. एकही रेषा येत नसेल तर वाट खरोखर काठाने जाते. तीन-चार येत असतील तर वाट वर गेलेली आहे, नाव नदीकाठचं असलं तरी.

मार्गाच्या माहितीत एकूण चढाचा आकडा दिलेला असतो. १० किलोमीटरला ५० मीटरच्या आत असेल तर मी तो कुटुंबासाठी सोपा धरतो. पण नुसत्या आकड्यावर विसंबू नका. ५० मीटर चढ सगळीकडे पसरलेला असेल तर कोणाला कळणारही नाही. तोच दोन ठिकाणी एकवटला असेल, तर एका गिअरच्या सायकलवरचं मूल दोन्ही ठिकाणी उतरून सायकल ढकलणार. सहा टक्क्यांचा चढ म्हणजे शंभर मीटर जाताना सहा मीटर वर. मोठ्या माणसाने गिअर बदलला की विषय संपतो, लहान मुलाला ती सोय नसते.

किती अंतर ठरवायचं?

आधी एक हिशेब करू. १६ इंची चाक एका फेऱ्यात साधारण सव्वा मीटर पुढे जातं. एकच गिअर असलेल्या अशा सायकलचं पॅडल एकदा फिरवलं की चाक दोनच्या आसपास फेरे घेतं, म्हणजे अंतर झालं अडीच मीटर. मोठ्यांच्या सायकलवर मधल्या गिअरमध्ये एका पॅडलमागे ५ मीटर सहज जाता येतं. आता १० किलोमीटर घ्या. तुमची पॅडलं झाली दोन हजार, मुलाची चार हजार. शिवाय मुलाची सायकल बऱ्याचदा ८-९ किलोची असते आणि मूल १८-२० किलोचं. आपल्या निम्म्या वजनाची सायकल चालवायची असती तर तुम्ही आणि मी किती लांब गेलो असतो?

म्हणून अंतर बेताचंच ठेवावं. चार-पाच वर्षांच्या, नुकत्याच सायकल शिकलेल्या मुलाला येऊन-जाऊन ४-५ किलोमीटर भरपूर झाले. सहा ते आठ वर्षांच्या मुलांना १० ते १५ जमतात. नऊ ते बारा वर्षांची, गिअरची सायकल असलेली मुलं २० ते ३० करतात, आणि सवय असेल तर त्याहून जास्त. हे अंदाज आहेत, मूल तुमचं आहे आणि त्याचा दम तुम्हाला ठाऊक आहे. थांबे धरून सहा-सात वर्षांच्या मुलाचा वेग ताशी ५-६ किलोमीटरच पडतो, म्हणजे भरभर चालण्याइतकाच.

अंतरापेक्षा घड्याळ पाहणं मला जास्त भरवशाचं वाटतं. हाताशी तीन तास असतील तर पहिला तास संपला की मागे वळायचं. एक तास परतीला आणि एक तास पाण्याजवळ, झाडाखाली, खाऊला, चेन पडली तर बसवायला. मूल उत्साहात असतानाच मागे वळणं जड जातं, "अजून थोडं पुढे" म्हणून गळ घातली जाते. पण मुलं थकल्याचं आधी सांगत नाहीत. जेव्हा सांगतात तेव्हा अंगात काहीच उरलेलं नसतं.

आधी उगमाच्या दिशेने जावं की प्रवाहाबरोबर खाली?

सगळे सांगतात की आधी प्रवाहाच्या उलट, वरच्या अंगाला जा, म्हणजे थकल्यावर परतीला उतार मिळेल. सल्ला चांगला आहे, पण अपुरा. छोट्या नदीचा उतार इतका कमी असतो की त्याची मदत जेमतेम जाणवते. वारा मात्र पुरेपूर जाणवतो.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा नसताना मूल ताशी १० किलोमीटरने जात असेल तर त्याला तेवढीच हवा कापायची असते. समोरून ताशी १५ किलोमीटरचा वारा आला की त्याच वेगाने जाण्यासाठी २५ च्या वेगाने येणारी हवा कापावी लागते, आणि विरोध होतो सहापट. आणि ताशी १५ म्हणजे वादळ नव्हे. झाडांची पानं आणि बारीक काटक्या सतत हलताना दिसल्या की वारा ताशी १२ ते १९ च्या दरम्यान आहे असं समजावं. वाऱ्याचा जोर सांगणाऱ्या ब्यूफर्टच्या मापात ही तिसरी पायरी. तेव्हा निघताना नदीकडे पाहण्याआधी झाडांकडे पाहा. जाताना वारा समोरून घ्या, म्हणजे परतीला तो पाठीवर येईल.

डोंगराळ खोऱ्यात आणखी एक गोष्ट घडते. ऊन चढलं की डोंगराचे उतार तापतात, तिथली हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला खालून हवा येते. त्यामुळे दुपारी वारा खोऱ्यातून वरच्या दिशेला वाहतो आणि रात्री उलट. सकाळी वर गेलेलं कुटुंब दुपारी परत फिरलं की उताराचा फायदा बाजूलाच राहतो आणि सगळी वाट समोरून वारा खात यावं लागतं. समुद्राजवळच्या नदीवर दुपारचा खारा वाराही असाच मुखाकडून आत येतो. अशा ठिकाणी दोन मार्ग आहेत. एक तर सकाळी लवकर निघून वारा सुटायच्या आत परतायचं. निघायलाच उशीर झाला असेल तर आधी खाली, मुखाच्या दिशेला जायचं आणि वारा पाठीवर घेऊन वर परत यायचं. चढ आहे म्हणून घाबरू नका, तो जाणवणार नाही.

त्याच वाटेने परत यायचं की गोल फेरी मारायची?

मुलं लहान असतील तर त्याच वाटेने. वाट ओळखीची असते, खड्डे कुठे ते माहीत असतं आणि कुठूनही मागे फिरता येतं. जवळजवळ दोन पूल असतील तर एका काठाने जाऊन दुसऱ्या काठाने येण्यात मजा आहे, पण दुसरा काठ आधी मोठ्यांपैकी कोणीतरी पाहून आलेला असावा.

वाट डांबरी हवी की मातीची चालेल?

डांबरी किंवा काँक्रीटची असली तर प्रश्नच नाही. बारीक खडी दाबून केलेली वाटही उत्तम, पावसानंतर लवकर निथळते आणि पडलं तरी खरचटणं कमी. सुटी, जाड खडी मात्र टाळा. लहान चाक तिच्यात रुततं आणि हँडल हातातून निसटतं. मऊ वाळू आणि ओली चिकणमाती याहून वाईट.

नदीकाठच्या वाटेला दोन खास दुखणी असतात. पूर ओसरल्यावर वाटेवर गाळाचा पातळ थर राहतो. वरून वाळलेला दिसतो, खाली ओला असतो, आणि ब्रेक दाबला की चाक बाजूला सरकतं. दुसरं दुखणं मुळांचं. पाण्याच्या ओढीने वाढलेल्या झाडांची मुळं डांबर उचलून धरतात आणि वाटेवर आडव्या वरंब्यांची रांग तयार होते. सीटवरून जरा उठून, पॅडलं समान पातळीवर धरून, गुडघे सैल ठेवून त्यावरून जायला मुलांना आधीच शिकवा. एकदा जमलं की मुलं मुद्दाम मुळं शोधून त्यांवरून जातात.

मुलाची सायकल कशी असावी?

आजच्या मापाची. पुढच्या वर्षी होईल म्हणून घेतलेल्या मोठ्या सायकलवर लांबची वाट धरू नका. सीटवर बसल्यावर नवशिक्या मुलाचे दोन्ही पाय जमिनीला लागले पाहिजेत, किमान चवडे तरी. सफाई आली की सीट थोडी वर घ्या, म्हणजे पाय जवळजवळ सरळ होतो आणि गुडघे कमी दमतात.

ब्रेक मात्र स्वतः तपासा. मुलाची बोटं ब्रेकच्या दांड्यापर्यंत पोचतात का आणि त्याच्याच ताकदीने चाक थांबतं का, हे मुलाला सायकलवर बसवून पाहायचं, आपल्या हाताने दाबून नाही. बहुतेक दांड्यांवर एक बारीक स्क्रू असतो, तो आत फिरवला की दांडा हँडलच्या जवळ येतो. दोन मिनिटांचं काम आहे आणि सगळ्यात जास्त उपयोगाचं आहे.

अजून पॅडल न जमणाऱ्या मुलाला बिनपॅडलची, पायाने रेटत जायची सायकल चालेल. तिला खेळणं समजू नका. जर्मनीत कार्ल फॉन ड्राइस १२ जून १८१७ ला मॅनहाइममधून जिच्यावर बसून निघाले, ती आजच्या सायकलची पूर्वजही बिनपॅडलचीच होती. तोल आधी आणि पॅडल नंतर, हा क्रम मुलांनाही मानवतो. मात्र अशा सायकलला बऱ्याचदा ब्रेक नसतो. उतार आला की मोठ्याने शेजारून चालायचं.

सायकल न येणाऱ्या लहानग्याला कसं न्यायचं?

मागे बसवायची सीट किंवा ओढायची गाडी, म्हणजे ट्रेलर. सीटसाठी मूल आधाराशिवाय नीट बसणारं आणि हेल्मेटसह मान सांभाळणारं हवं, म्हणजे साधारण वर्षाच्या पुढचं. बहुतेक मागच्या सीटा २२ किलोपर्यंतच्या असतात, सीटवर लिहिलेली मर्यादा वाचा. पायाचे पट्टे बांधा आणि ओढणी, मफलर, लोंबणारी नाडी काहीही आऱ्यांजवळ जाणार नाही हे बघा. मूल सीटवर असताना सायकल स्टँडवर लावून क्षणभरही बाजूला होऊ नका. उभी सायकल कलंडते आणि मूल बांधलेल्या अवस्थेत खाली येतं. थांबल्यावर आधी मूल उतरवायचं, मग स्टँड.

ट्रेलरमध्ये मूल झोपू शकतं, ऊन-वाऱ्यापासून आडोसा मिळतो, आणि सायकल पडली तरी तो बहुधा उभा राहतो. पण तो रुंद असतो. वाटेच्या तोंडाशी गाड्या अडवायला लावलेल्या खांबांमधून जाईल का, हे आधी पाहिलेलं बरं. बाहेरून दिसावा म्हणून त्याला उंच काठीवर झेंडा लावा.

हेल्मेट लागतंच का? वाटेवर गाड्या तर नाहीत.

लागतंच. मूल पडतं ते बहुतेक वेळा आपलं आपणच, मुळावरून किंवा गाळावरून. हेल्मेट भुवयांच्या वर दोन बोटांवर, आडवं सरळ बसलेलं असावं. मागे सरकलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. कानाखाली पट्ट्यांचा कोन जुळावा आणि हनुवटीखाली एक-दोन बोटं जातील इतकीच जागा राहावी. जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून धड दिसलं तरी बदलायचं. आणि थांब्यावर मुलं झाडावर किंवा झोक्यावर चढायला निघाली की हेल्मेट काढायला लावा. पट्टा फांदीत अडकून गळ्याला फास बसू शकतो.

पाण्याजवळ मुलांना कसं सांभाळायचं?

सायकल चालवताना मोठं माणूस मुलाच्या आणि पाण्याच्या मध्ये असावं. वाट अरुंद असेल तर मुलाच्या मागे, पाण्याच्या बाजूला थोडं सरकून. मूल जिकडे पाहतं तिकडेच हँडल वळवतं, आणि नदीकाठी ते नदीकडेच पाहणार. म्हणून पाणी दाखवायचं असेल तर आधी थांबायचं, दोन्ही पाय जमिनीवर टेकवायचे, मग बघायचं. हा नियम पहिल्या दिवसापासून लावा, मुलं तो पाळतात.

थांबायची जागा निवडताना नदीचं वळण वाचायला शिका. वळणाच्या बाहेरच्या बाजूला प्रवाह जोरात असतो. तो काठ खालून पोखरतो, वर गवत आणि माती तशीच राहते. वरून भक्कम दिसणारा हा काठ आतून पोकळ असू शकतो आणि त्याच्या पायथ्याशीच पाणी सगळ्यात खोल असतं. आतल्या बाजूला प्रवाह मंदावतो, वाळू आणि गोटे साठतात आणि काठ हळूहळू उतरतो. सतरंजी अंथरायची ती आतल्या बाजूला. तिथेही पाय टाकण्याआधी स्वतः पाहून घ्या, ओला गाळ कधी कधी गुडघ्यापर्यंत आत घेतो.

बंधाऱ्यापासून मुलांना लांब ठेवा, तो कितीही बुटका असो. बंधाऱ्यावरून पडणारं पाणी खाली गोल फिरत राहतं आणि त्यात सापडलेल्याला पुन्हा पुन्हा बंधाऱ्याच्या भिंतीकडे ओढतं. चांगल्या पोहणाऱ्यालाही त्यातून सुटणं कठीण.

एक गोष्ट प्रत्येक पालकाला माहीत असलीच पाहिजे: बुडणारं मूल बहुधा ओरडत नाही आणि हातही हलवत नाही. ते गप्पच असतं. त्यामुळे "आवाज येतोय ना, मग ठीक आहे" हे पाण्याजवळ चालत नाही. कोणातरी एकाने फक्त मुलांकडे पाहायचं, फोन खिशात, आणि दर थोड्या वेळाने हे काम दुसऱ्याकडे नाव घेऊन सोपवायचं. कोणी पाण्यात पडलंच तर मागोमाग उडी घेऊ नका. लांब काठी, दोर, हवा भरलेली ट्यूब, जे हाताशी असेल ते पुढे करा.

पाणी वाढलेलं असेल तर?

त्या दिवशी जाऊ नका. छोटी नदी लवकर चढते, आणि तुमच्या डोक्यावर पाऊस नसतानाही चढते, कारण पाऊस वरच्या खोऱ्यात पडलेला असतो. पाणी अचानक गढूळ झालं, काटक्या-पालापाचोळा वाहून यायला लागला, आवाज बदलला, की लगेच उंचावर निघायचं.

वाटेवरून, फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर सायकल हातात धरूनही पलीकडे जायचं नाही. जोरात वाहणारं १५ सेंटीमीटर पाणी मोठ्या माणसाचेही पाय उचलतं. मुलाचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. पाणी नुकतंच ओसरलेल्या फरशी पुलावर शेवाळं असतं, तिथे उतरून चालत जा.

लाकडी पूल, रेल्वेचे रूळ, तीव्र वळणं कशी पार करायची?

ओल्या लाकडी पुलावर सरळ जायचं. त्यावर वळायचं नाही, ब्रेक दाबायचा नाही. वेग पुलाच्या आधीच कमी करायचा. फळ्या वाटेच्या लांबीला समांतर बसवलेल्या असतील तर फटीत बारीक चाक अडकतं, मग सरळ उतरा. रूळ नेहमी काटकोनात ओलांडायचे. पुलाखालून जाणारी वाट बहुधा अंधारी, ओली आणि वळणाची असते, तिथे घंटी वाजवून हळू जा.

कोण पुढे आणि कोण मागे?

दोन मोठी माणसं असतील तर एक सगळ्यांच्या पुढे, एक सगळ्यांच्या मागे. पुढच्याने वेग ठरवायचा तो सगळ्यात लहान मुलाचा, त्यामुळे त्याला अधूनमधून मागे पाहत राहावं लागतं. एकच मोठं माणूस असेल तर मुलं पुढे, आपण मागे. मोठं भावंड सुसाट पुढे जात असेल तर त्याला ठिकाण नेमून द्या: "पुढच्या पुलापाशी थांब, पूल ओलांडायचा नाही." नुसतं "फार लांब जाऊ नकोस" म्हणून भागत नाही, कारण लांब म्हणजे किती हे मुलाला कळत नाही.

वाटेवर चालणारे, कुत्री, मासे पकडणारे असतात. त्यांचं काय?

चालणाऱ्याचा हक्क पहिला. लांबूनच घंटी द्या, वेग कमी करा आणि ओलांडताना एखादा शब्द बोला. कुत्रं मागे लागलं तर मुलांनी थांबून, उतरून, सायकल मध्ये ठेवून उभं राहावं. पळणाऱ्या चाकाच्या मागे धावणं हा त्याचा स्वभाव असतो, थांबल्यावर बहुतेक कुत्री सोडून देतात. गळ टाकून बसलेल्याच्या मागून जाताना एक क्षण थांबा, गळ मागे फेकला जातो तेव्हा आकडा वाटेवर येतो.

बरोबर काय घ्यायचं?

पाणी, खाऊ, एक जादा कपडा, प्रथमोपचाराचं थोडं सामान, पंप, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान. आणि प्रत्येक मापाच्या चाकाची एक ट्यूब. मोठ्यांची ट्यूब १६ इंची चाकात बसत नाही, हे वाटेत कळून उपयोग नाही. मुलांच्या सायकलचं चाक बहुधा हाताने सुटत नाही, नटांनी आवळलेलं असतं. त्याला साधारण १५ चा पाना लागतो. घरी एकदा लावून बघा आणि तो पिशवीत टाका.

हवा टायरवर लिहिलेल्या मर्यादेतच भरा. मुलाच्या रुंद टायरमध्ये ती दगडासारखी टणक करू नका, खडीवर सायकल उडत राहते आणि मुलाचे हात दुखतात.

कोणती वेळ चांगली?

सकाळ. थंड हवा जड असल्याने रात्री खोऱ्यात उतरून साठते, म्हणून नदीकाठी धुकंही इतर ठिकाणांपेक्षा दाट असतं. ते विरलं की निघा. संध्याकाळी सूर्य मावळताना डास आणि चिलटं पाण्यावर थवे धरतात. उघड्या तोंडाने पॅडल मारणाऱ्या मुलासाठी ती वेळ बरी नाही. उन्हात दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-चार घोट पाणी द्या, तहान लागायची वाट पाहू नका.

मुलांना कंटाळा येतो. काय करावं?

सायकल चालवणं हेच काम आणि पोचणं हेच ध्येय केलं की कंटाळा येणारच. नदीवर बघण्यासारखं इतकं आहे, त्याला वेळ द्या.

उभ्या मातीच्या काठात मूठभर आकाराचं गोल भोक दिसलं आणि त्याखाली पांढरा ओघळ असला, तर ते खंड्याचं घर असण्याची शक्यता आहे. तो चोचीने माती उकरून आडवा बोगदा करतो आणि आत टोकाला अंडी घालतो. लांब, पलीकडच्या काठावर गप्प बसून दहा मिनिटं वाट पाहिली तर निळी रेघ पाण्यावरून सरळ येताना दिसते. भोकाजवळ मात्र जायचं नाही. चतुर आणि टाचणी या पाण्याजवळ उडणाऱ्या कीटकांतला फरक मुलं लगेच ओळखायला लागतात: बसल्यावर चतुराचे पंख पसरलेले असतात, टाचणी ते बहुधा अंगाला मिटून घेते.

आणखी एक खेळ मोठ्या मुलांना फार आवडतो. काठावर दोन झाडांमधलं १० मीटर अंतर पावलांनी मोजा. वरच्या अंगाला पान सोडा आणि एका झाडापासून दुसऱ्यापर्यंत जायला किती सेकंद लागतात ते मोजा. २० सेकंद लागले तर पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर, म्हणजे ताशी १.८ किलोमीटर. मग हाच प्रयोग वळणाच्या बाहेरच्या आणि आतल्या बाजूला, दुरून काटकी फेकून करा. आकडे वेगळे येतात. सतरंजी आतल्या बाजूला का अंथरली हे मुलांना आपोआप कळतं, आणि पुढच्या वेळी जागा तीच निवडतात.

नदीचं पाणी प्यावं का?

नाही. कितीही स्वच्छ दिसलं तरी नाही. पाण्यात खेळल्यावर खाण्याआधी हात धुवायलाही बरोबरचंच पाणी वापरा, आणि खरचटलेली जागा नदीच्या पाण्याने धुऊ नका.

आजी-आजोबांना नेता येईल का? ई-सायकल चालेल?

जरूर. त्यांच्यासाठी मधली दांडी खाली असलेली सायकल घ्या, चढता-उतरताना पाय वर उचलावा लागत नाही. तोल जायचा प्रसंग बहुधा चढता-उतरतानाच येतो. ई-सायकल उत्तम, फक्त मोटर सगळ्यात कमी मदतीवर ठेवा. नाहीतर आजोबा पुढे आणि नातवंडं मागे धापा टाकत, असं होतं. ती वजनदार असते, पुलाच्या पायऱ्यांवरून उचलायची वेळ येईल का हेही पाहून ठेवा.

अर्ध्या वाटेत मूल "आता मी नाही चालवणार" म्हणालं तर?

थांबा. समजूत घालण्याआधी पाणी आणि खाऊ द्या, कारण निम्म्या वेळा कारण तेच असतं. मग सायकल बघा. ब्रेक चाकाला घासतोय, हवा कमी झालीय, सीट खाली सरकलीय, यातलं काही असेल तर मूल ते सांगू शकत नाही, त्याला फक्त चालवणं जड झालेलं कळतं. चाक उचलून फिरवा, मोकळं फिरतंय का पाहा.

सगळं ठीक असूनही मूल थकलेलं असेल तर त्याच्या पाठीवर हात ठेवून ढकलत नेऊ नका, दोघंही पडता. ओढायचा दोर किंवा दांडी मिळते, सीटखाली बांधायची. ती बरोबर असेल तर सपाट, रिकाम्या वाटेवर कामाला येते. नसेल तर सगळ्यांनीच उतरून थोडं चाला. एकट्याला चालायला लावलं की मुलाला हरल्यासारखं वाटतं, सगळे चालले की ती विश्रांती होते. तरीही जमत नसेल तर जवळच्या पुलाशी, जिथे गाडी येऊ शकते तिथे थांबा. मोठ्यांपैकी एकाने जाऊन गाडी आणावी, दुसऱ्याने मुलांपाशी थांबावं. असे पूल कुठे कुठे आहेत, हे निघण्याआधीच नकाशावर खूण करून ठेवा.